गिरवलेली रेघ आणि शिकलेला हात



आजच्या विषयाची सुरुवात आपल्यापैकी अनेकांच्या घरीच झालेली असेल. मूल खिडकीच्या काचेवर एखादे छापील चित्र धरते, त्यावर पातळ कागद ठेवते आणि पेन्सिलीने रेघ उमटवून घेते. राम, मारुती, शिवाजी महाराज, नाहीतर एखादे हरीण कागदावर हुबेहूब उतरते. आई कौतुकाने शेजाऱ्यांना दाखविते. चित्रकलेचे मास्तर मात्र ते पाहून कपाळाला आठी घालतात आणि म्हणतात, "ही लबाडी आहे, याने हात बसत नाही." आता खरे कोणाचे? आईचे कौतुक की मास्तरांची आठी?

प्रश्न लहान दिसतो, पण तो जुना आहे आणि मोठमोठ्या कारागिरांनी व कलाशाळांनी त्यावर डोके शिणविले आहे. आज काचेच्या जागी उजेडाचा पडदा आला, भ्रमणध्वनीवरचे चित्र बोटाने मोठे करून त्यावर कागद ठेवता येऊ लागला. तरी प्रश्न तोच राहिला आहे. म्हणून आज कोणाची बाजू घेण्याआधी आपण इतिहासाची साक्ष काढू. ती काढताना फार लांब जाण्याचे कारण नाही. निम्मी साक्ष आपल्या सोपाऱ्यात आणि आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे.

प्रथम आपल्या भाषेलाच विचारू. मराठीत 'गिरवणे' हा फार बोलका शब्द आहे. जुन्या पंतोजींच्या शाळेत पाटीवर धूळ पसरून त्यात अक्षर काढून देत आणि मूल त्या अक्षराच्या खोबणीतून बोट फिरवी. त्याला धुळाक्षरे म्हणत. पुढे लेखणी आली आणि कित्ता आला. समर्थ रामदासांना सुवाच्य लेखनाचे महत्त्व इतके वाटे की दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास त्यांनी लेखनक्रियेला वाहिला. पण भाषेची चतुराई अशी की 'कित्ता गिरवणे' याचे आपण दोन अर्थ करतो. थोरांचा कित्ता गिरवावा असे आदराने म्हणतो, आणि अमका नुसता दुसऱ्याचा कित्ता गिरवतो असे हिणवूनही म्हणतो. एकाच क्रियेत विद्या आहे आणि आंधळेपणही आहे, हे मराठी माणसाने फार पूर्वी ओळखले होते.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. अक्षर हे सर्वांचे सारखे असावे लागते. 'क' माझा वेगळा आणि तुमचा वेगळा झाला तर पत्र वाचता येणार नाही. तेव्हा अक्षराच्या बाबतीत गिरवून हाताला वळण लावणे हे शिक्षण पुष्कळसे पुरे होते. चित्राचे तसे नाही. आंब्याच्या झाडाचे ठरीव 'मुळाक्षर' नाही. समोरचे झाड आज असे दिसते, संध्याकाळी तसे. उजवीकडून एक, डावीकडून दुसरे. चित्र शिकणे म्हणजे आकार पाठ करणे नव्हे, तर पाहिलेले मोजून कागदावर आणणे होय. नजर वस्तूवरून निघते, क्षणभर ती वस्तू मनात धरते आणि मग हात ती कागदावर ठेवतो. त्या क्षणभराच्या प्रवासात लांबी, उतार, मधली रिकामी जागा यांचा अंदाज बांधला जातो. चित्रकलेचे सारे शिक्षण त्या क्षणात आहे. गिरवताना नेमका तोच क्षण गळून पडतो, कारण वस्तू आणि कागद एकावर एक ठेवलेले असतात. हात चालतो, नजरेला प्रवास घडत नाही. मास्तरांच्या आठीचे कारण हे आहे.

मग जुन्या कारागिरांना हे कळत नव्हते काय? कळत होते, आणि तरीही ते गिरवत होते. उत्तर हिंदुस्थानातील लघुचित्रांच्या घराण्यांत पातळ कातड्यावर जुन्या चित्राची रेघ उतरवून घेत; तिला चरबा म्हणत. मग त्या रेघेवर सुईने बारीक भोके पाडत आणि कोळशाच्या पुडीची पोटली त्यावर थोपटत. खालच्या कागदावर ठिपक्यांची रेघ उठे. आपण 'योजनेचा खाका' म्हणतो तो शब्द याच घराण्यातला. त्याच्या मुळाशी फारसीतला 'खाक', म्हणजे धूळ, आहे. पण या खाक्याचा उपयोग काय होता? घराण्यातली रचना पिढ्यान् पिढ्या टिकावी आणि कामाचा उरक व्हावा, हा. ठिपक्यांवरून जिवंत रेघ ओढण्याचे काम बसलेल्या हातालाच करावे लागे. खाका हे शिकविण्याचे साधन नव्हते. ते शिकलेल्याच्या हातातले अवजार होते.

आता आपल्या गावाकडे येऊ. नालासोपाऱ्यातील 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखली जाणारी टेकडी आपण जाता-येता पाहतो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ती उकरली. आत बौद्ध स्तूप निघाला. दगडी करंड्यात एकात एक ठेवलेल्या डब्या, सर्वांत आत सोन्याची डबी, भोवती आठ लहान ब्राँझच्या मूर्ती आणि गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचे नाणे, असा तो ठेवा होता. त्याच वर्षी सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांच्या हाती लागला. पुढे १९५६ मध्ये जवळच भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा सापडला. हे सर्व आपणांस ठाऊक असेल. पण या पंडितांनी विद्या कशी मिळविली, हे आजच्या विषयासाठी अधिक मोलाचे आहे.

भगवानलाल हे १८३९ साली जुनागढास जन्मले. त्यांचे विद्यापीठ म्हणजे गिरनारच्या पायथ्याची शिळा. जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपी उलगडली होती. त्या वर्णमालेच्या आधाराने हा तरुण शिळेवरची अक्षरे उतरवीत बसे. १८६१ पासून मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी त्यांनी लेण्यालेण्यांतून, पुढे नेपाळपर्यंत, लेखांच्या प्रती करीत प्रवास केला. इंग्रजी विद्यालयात पाऊल न टाकलेल्या या माणसाला १८८४ मध्ये हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने सन्माननीय पदवी दिली. १८८८ साली ते वारले. त्यांची सारी विद्या प्रती करून मिळालेली होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पण शिलालेखाची प्रत करण्याच्या दोन रीती आहेत. एक, ओला कागद दगडावर थोपटून, वर शाई लावून ठसा घेणे. दुसरी, डोळ्यांनी पाहून हाताने उतरवणे. ठशात सर्व काही येते: अक्षर येते, दगडाची चीर येते, पावसाने पडलेला खळगाही येतो. ठशाला अक्षर आणि चीर यांतला भेद कळत नाही. डोळ्यांनी केलेल्या प्रतीत उलट प्रकार होतो. तीत पाहणाऱ्याला जेवढे समजले तेवढेच येते, आणि त्याला चुकीचे समजले तर चूकही येते. म्हणून जाणता संशोधक दोन्ही करतो. आधी दगडापुढे बसून वाचतो, उतरवतो. मग ठशाशी ताडून पाहतो. जेथे मेळ बसत नाही तेथे पुन्हा दगडाकडे जातो. विद्या ठशातही नाही आणि नुसत्या नजरेतही नाही. ती या ताडून पाहण्यात आहे. चित्राचे गिरवणे हा असाच ठसा आहे, ही गोष्ट येथे मनात टिपून ठेवू. पुढे तिचा उपयोग होईल.

सोपाऱ्यानंतर अजिंठ्याला जाण्याचे कारण असे की, आपल्या महाराष्ट्रात नक्कल करून चित्रकला शिकण्याचा सर्वांत मोठा प्रयोग तेथे झाला. १८१९ साली ही लेणी इंग्रजांच्या नजरेस पडली. १८४४ मध्ये मद्रास फौजेतील रॉबर्ट गिल याची तेथील चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. वर्षानुवर्षे लेण्यांच्या अंधारात काम करून त्याने तैलरंगात केलेल्या नकला विलायतेला गेल्या आणि १८६६ साली सिडनहॅमच्या स्फटिकमहालाला लागलेल्या आगीत जवळजवळ सर्व जळून गेल्या.

तेव्हा दुसरा प्रयत्न झाला तो आपल्या मुंबईतून. सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून १८५७ साली सुरू झालेल्या कलाशाळेत जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक होते. १८७२ पासून १८८५ पर्यंत ते आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्यास जात राहिले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी प्रमुख. पुढे ते नामांकित चित्रकार झाले. या नकलाही लंडनला पाठविल्या आणि १८८५ साली तेथील वस्तुसंग्रहालयाच्या आगीत त्यांतल्या बऱ्याच नष्ट झाल्या. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्सने १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ काढला. या उद्योगाची काळी बाजूही सांगितली पाहिजे. रंग उजळ दिसावेत म्हणून भिंतींवर वार्निश लावले गेले आणि मूळ चित्रांचे नुकसान झाले. नक्कल करण्याच्या हव्यासात मुळाचाच बळी जातो तो असा.

दोनदा आग लागली, नकला गेल्या. तर मग तेरा वर्षांच्या श्रमांतून राहिले काय? ग्रंथ राहिला हे खरे. पण आमच्या मते खरी मिळकत वेगळी होती. नकला जळाल्या, नकला करून तयार झालेला हात व नजर जळाली नाही. आणि हे घडले याचे कारण अजिंठ्याच्या भिंतीतच आहे. ती भिंत अखंड असती, तर कोणीही कागद लावून रेघ उतरविली असती आणि काहीही न शिकता घरी गेला असता. पण तेथे गिलावा जागोजाग पडलेला. हाताची रेघ मनगटापर्यंत येते आणि तुटते. बोटे कोठे वळली असतील? नकलाकाराला थांबावे लागते, त्या चित्रकाराने दुसरीकडे काढलेले हात पाहावे लागतात, रेघ कोठे जाड व कोठे बारीक होते ते शोधावे लागते. तुटलेल्या रेघेने विद्यार्थ्याला विचार करायला भाग पाडले.

तिसरा प्रयत्न १९०९ ते १९११ या हिवाळ्यांत झाला, आणि त्याची कथा आपल्या विषयाला अगदी चिकटलेली आहे. लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम ही विदुषी स्वतः चित्रकार. चेन्नीनो चेन्नीनी या इटालियन कारागिराने इ. स. १४०० च्या सुमारास चित्रकलेवर लिहिलेल्या पुस्तकाचे तिने १८९९ मध्ये इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले होते. त्या पुस्तकात गिरवण्याच्या पारदर्शक कागदाची कृती सांगितली आहे: करडाचे कातडे खरवडून पातळ करावे, त्याला जवसाचे तेल लावावे, आणि थोर चित्रकाराची आकृती त्यावर उतरवून घ्यावी. म्हणजे गिरवणे त्याला निषिद्ध नव्हते. पण तोच चेन्नीनी लगेच पुढे सांगतो की उत्तम गुरूंची कामे पाहून रोज रेखाटावे, आणि सर्व गुरूंच्या वरचा गुरू म्हणजे प्रत्यक्ष निसर्ग. गिरवणे ही त्याने पायरी मानली; तिच्यावर बिऱ्हाड करावे असे सांगितले नाही.

हे पुस्तक पचविलेली बाई अजिंठ्यास आली तेव्हा तिच्याबरोबर कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त व म्हैसूरचे वेंकटप्पा असे तरुण आले. हैदराबादेहून सय्यद अहमद व फजलुद्दीन आले. या कामाचा ग्रंथ १९१५ मध्ये निघाला. पुढे नंदलालबाबू शांतिनिकेतनातील कलाशिक्षणाचे आधारस्तंभ झाले. १९३८ साली हरिपुरा काँग्रेससाठी त्यांनी काढलेली चित्रे पाहा. त्यांत ढोलकी वाजविणारा आहे, सूत कातणारी आहे, कुस्तीगीर आहे. अजिंठ्यातल्या राजकन्यांपैकी तेथे कोणी नाही. पण एका दमात वळण घेणारी ती कुंचल्याची रेघ ज्या घराण्यात तयार झाली, त्यात अजिंठ्याच्या भिंतीचा वाटा मोठा आहे. ज्याची नक्कल केली ते विषय सुटले आणि रेघ अंगात राहिली. हे शिकल्याचे लक्षण होय.

याच्या उलट चित्र आपल्या शाळांतून दिसत होते. इंग्रजी अमलात विलायतेची जी चित्रशिक्षणाची पद्धत इकडे आली, तिच्यात सपाट छापील नमुन्यावरून नक्षी उतरविणे, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाशाचा अभ्यास करणे, अशी पायऱ्यापायऱ्यांची वाट होती. पद्धत मुळात वाईट नव्हती. परंतु पायरीचे घर झाले. पानाफुलांचा छापील नमुना हुबेहूब उतरला की मुलगा हुशार ठरे; त्याच मुलाला अंगणातली तुळस काढ म्हटले की त्याचा हात अडे. मुंबईच्या कलाशाळेत ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी जिवंत माणसावरून रेखाटण्याचा व भित्तिचित्रांचा असे वर्ग सुरू केले, ते या साचलेल्या पाण्याला वाट करून देण्यासाठीच. आपली मुले आजही शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांना बसतात. त्यांत स्मरणचित्र हा विषय आहे, हे आम्हांस फार शहाणपणाचे वाटते. स्मरणचित्राला काच नाही, खाका नाही. बाजार, पाऊस, बैलपोळा डोळ्यांत भरून घेतला असेल तरच तो कागदावर येतो.

कोणी म्हणेल, गिरवल्यावाचून मुळीच शिकता येत नाही काय? याचे उत्तर आपल्या जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर आहे. लग्नात सवाशिणी भिंतीवर लग्नचौक लिहितात. गेरू-शेणाने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूच्या काडीचा कुंचला. चौकात पालघट देवी. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन एवढ्याच आकारांत माणसे, झाडे, तारपा व नाच. पोरी थोरल्यांच्या शेजारी बसून पाहतात, हातभार लावतात आणि हळूहळू त्यांचा हात तयार होतो. पातळ कागद तेथे कोणी पाहिलेला नव्हता. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीस चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर फिरले, तेव्हा डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांचे काम पुढे आले. परंपरेने स्त्रियांच्या असलेल्या या कलेत या पुरुषाने आयुष्य घातले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. त्यांच्या चित्रातले मासेमारीचे जाळे पाहावे: शेकडो बारीक रेघा, आणि एकही दुसरीसारखी नाही.

आज त्याच वारली आकृती छापाच्या पट्टीतून कपांवर, पिशव्यांवर, कुंपणाच्या भिंतींवर उमटतात. आकार बरोबर असतात. पण नाचणारे माणूस कोणत्या पायावर भार देते हे त्या छापाला ठाऊक नसते, म्हणून सगळे नाचणारे एकाच वेळी उभे राहिल्यासारखे दिसतात. सोपाऱ्याच्या शिळेच्या ठशासंबंधी जे म्हटले तेच येथे लागू आहे: छापात सर्व येते, समजलेले काही येत नाही. आपल्याच जिल्ह्यातली एक जिवंत विद्या नुसत्या गिरवण्याने पोकळ होत असेल, तर हा प्रश्न केवळ मुलांच्या वहीपुरता राहत नाही.

मग निकाल काय द्यावा? आमच्या मते तो लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवला आहे. आपल्या टिपणांत तो दोन गोष्टी सांगतो. काचेतून पाहून रेघ उतरविण्याच्या युक्तीवर ज्यांचे सारे चालते आणि तिच्यावाचून ज्यांना काढताच येत नाही, त्यांना तो दोष देतो. पण दुसरीकडे तो अभ्यासाची एक रीत सांगतो. एखादी आकृती पुन्हा पुन्हा काढून पाठ करावी, मग ती समोर न ठेवता काढावी. मूळ आकृती पातळ काचेवर उतरवून ठेवलेली असावी. ती काच आपल्या चित्रावर ठेवावी आणि कोठे मेळ बसत नाही ते पाहावे. जेथे चुकले तेथे पुन्हा अभ्यास करावा. म्हणजे गिरवलेली रेघ त्याने टाकून दिली नाही. तिची जागा बदलली. ती आधी नव्हे, नंतर यावी. ती गुरू नव्हे, परीक्षक असावी. आपले भगवानलाल शिळेपुढे बसत ते याहून निराळे काय करीत होते?

तात्पर्य, आई व मास्तर दोघेही थोडे थोडे बरोबर आहेत. मुलाने हौसेने गिरवले तर त्याला लबाड म्हणू नये. चांगल्या रेघेवरून हात फिरला तर ती कशी वळते याची चव कळते, बोटांना धीर येतो. धुळाक्षरांनी दिले तेवढे ते देते. पण गिरवलेला कागद भिंतीवर लावून तेथेच थांबू नये. तो बाजूला ठेवावा, तेच चित्र नुसते पाहून काढावे, मग न पाहता काढावे, आणि शेवटी तो पातळ कागद वर ठेवून चूक शोधावी. चूक सापडली की त्या दिवसाचे शिक्षण झाले.

आणि त्याही पुढे एक पाऊल टाकावे. या सुटीत मुलांना वसईच्या किल्ल्यात न्या. १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकलेल्या त्या तटाच्या आत पडक्या ख्रिस्ती देवळांच्या कमानी आहेत. अर्धी कमान उभी आहे, अर्धी पडली आहे. मुलाला तिच्यापुढे तासभर बसवा. अजिंठ्याच्या तुटलेल्या रेघेने जे काम केले तेच ती पडकी कमान करील. पडलेला अर्धा भाग कसा असेल, याचा विचार केल्यावाचून मुलाला उभा अर्धाही नीट काढता येणार नाही. पहिले चित्र वेडेवाकडे येईल. ते जपून ठेवा. काचेवर उतरविलेल्या दहा सुबक चित्रांपेक्षा त्या एका वेड्यावाकड्या कमानीत मूल अधिक शिकलेले असेल.